काट्यावरचं काळीज

सर्व संबंधितांना, तसेच ज्यांचा या प्रकरणाशी सुतराम संबंध नाही त्यांनाही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, माझं काळीज कडक झालं आहे. ही बातमी माझ्या बायकोनं लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात फोडली होती, पण तेव्हा तिच्याजवळ पुरावा नव्हता. आता तो मिळाला आहे. गेल्या मंगळवारी हृदयाच्या एका तरुण डॉक्टरांनी माझ्या छातीवर गार, चिकट मलम फासलं, पडद्यावर एक करडं, धडपडणारं चित्र दाखवलं आणि म्हणाले, "काका, स्नायूत चिवट तंतू वाढलेत. त्यामुळे हृदय नीट सैल होत नाही आणि पायाला सूज येते. घाबरू नका. एक साधी, जुनी गोळी देतो. पूर्वी ही लिव्हरच्या पेशंटना पोटातलं पाणी उतरवायला द्यायचे. पुढे लक्षात आलं की हृदयालाही तिचा उपयोग होतो."

"कोणाच्या लक्षात आलं?" मी विचारलं.

"म्हणजे... अभ्यास झाले ना. परदेशात. मोठमोठे."

मी गोळीचं नाव वाचलं आणि इतक्या जोरात हसलो की त्यांनी माझं ब्लडप्रेशर पुन्हा घेतलं.

हसण्याचं कारण असं, की हीच गोळी हृदयाच्या रोग्यांना देऊ नये असा हुकूम मी स्वतः टाइप केला होता. तीन कार्बन घालून, एकही खाडाखोड न करता. गोष्ट ऐंशीच्या पुढची. मी पंचविशीत होतो आणि रत्नागिरीतल्या एका धर्मादाय रुग्णालयात कारकून होतो. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. ते केव्हाच बंद पडलं, इमारतीत आता मंगल कार्यालय आहे, आणि जिथे लोक शेवटचा श्वास घेत तिथे हल्ली लोक जिलबीचा आग्रह करतात. हुकूम ज्यांच्यावर निघाला त्यांचं नाव मात्र सांगतो. डॉक्टर पाटणकर.

पाटणकरांना तुम्ही नमस्कार केलात तर ते उलट नमस्कार करत नसत. ते खाली वाकत. नवखा माणूस घाबरून मागे सरायचा. त्याला वाटायचं, एवढा डॉक्टर आपल्या पाया पडतोय. पाटणकर त्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरत, ओठांत आकडे मोजत, मग अंगठा उचलून तिथं खळगा राहतो का ते बघत. "भरला," म्हणाले की तुमचं हृदय ठीक. "राहिला," म्हणाले की उद्या सकाळी दवाखान्यात. लग्नाच्या पंगतीत, एस्टीच्या रांगेत, देवळाच्या पायरीवर, कुठेही. एका स्वातंत्र्यदिनी आमच्या विश्वस्तांचे अध्यक्ष झेंड्यासमोर ताठ उभे होते, राष्ट्रगीत नुकतंच संपलं होतं, आणि पाटणकर त्यांच्या धोतराचा सोगा बाजूला सारून नडगी दाबत होते. "राहिला," ते सगळ्यांसमक्ष म्हणाले. अध्यक्षांच्या पायाची सूज पाटणकरांच्याच गोळ्यांनी उतरली. मनातली उतरली नाही.

माणूस पन्नाशीचा, काटकुळा, विधुर. शर्टाच्या खिशात पेनाच्या जोडीला शिंप्याची टेप. पोटं आणि पोटऱ्या मोजायला. मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी कितीतरी वर्षं मेलेल्या माणसांची हृदयं कापून पाहिली होती. तिथल्या वरिष्ठांनी एकदा ऐकवलं, "पाटणकर, मेलेल्यांचं पुरे, जरा जिवंतांचं बघा." हे म्हणाले, "जिवंतांचं बघायला तुम्ही उघडू देत नाही ना!" आणि राजीनामा देऊन रत्नागिरीला आले. येताना सामान म्हणून एक ट्रंक आणि तीन काचेच्या बरण्या. बरण्या लोणच्याच्या, रुंद तोंडाच्या. प्रत्येकीत औषधी पाण्यात एकेक हृदय. त्यांची मोलकरीण त्या फळीवरची धूळ कधी पुसत नसे. "आमच्या डाक्टरांकडं काळजं मुरत घातलीत," असं ती आळीभर सांगत असे, आणि आळी तिच्यावर विश्वास ठेवत असे.

मला ते 'सुर्वेशास्त्री' म्हणायचे, कारण त्यांच्या नोंदी मी टाइप करायचो आणि शुद्धलेखनावरून त्यांच्याशी वाद घालायचो. माझं शास्त्र तेवढंच.

आता त्यांचं शास्त्र. ते मला एका मे महिन्यात वॉर्डमध्ये कळलं, आणि माझ्याबरोबर आठ रोग्यांना, दोन परिचारिकांना आणि एका झाडूवाल्याला कळलं. पाटणकर सकाळी बगलेत फणस घेऊन आले. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, हाताला आणि कोयत्याला खोबरेल चोपडलं आणि उशांना टेकून धापा टाकणाऱ्या त्या आठ जणांसमोर फणस मधोमध फोडला.

"हे आपलं हृदय समजा," ते म्हणाले. "हा गरा. मऊ, गोड, कामाचा. आणि गऱ्यांच्या मधे हे पांढरे चिवट दोरे. हेही लागतात, नाहीतर गरे जागेवर राहायचे नाहीत. पण हृदय दुखावलं, थकलं, की काय होतं? दोरे वाढतात, गरे कमी होतात. बाहेरून फणस तेवढाच दिसतो. आत चोथा. मग हृदय नीट ताणलं जात नाही, आवळत नाही, आणि पाणी साचतं पायात. पाण्याची गोळी देऊन आम्ही पाय उतरवतो. पण दोऱ्यांचं काय? ते वाढतच असतात. त्यांना कोण थांबवणार?"

वॉर्ड गंभीर झाला. मग कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग डाक्टरानू, ह्ये गरे खायाचे का नुसते बघायाचे?"

मोठे डॉक्टर, म्हणजे आमच्या रुग्णालयाचे प्रमुख, फेरीवर आले तेव्हा आठही रोगी गरे खात होते, आठळ्या खाटांखाली गडगडत होत्या आणि पाटणकर एका परिचारिकेला उरलेला चोथा दाखवून सांगत होते, "हे बघ, हे थांबवायचंय."

ते कशानं थांबेल याची त्यांना एक शंका होती. शंका हा त्यांचाच शब्द. 'सिद्ध' हा शब्द त्यांनी मला एकदाही टाइप करू दिला नाही. झालं होतं असं, की पोट फुगलेला एक हृदयरोगी चुकून लिव्हरच्या वॉर्डात गेला, तिथं त्याला पोटातलं पाणी उतरवायची गोळी महिनोन् महिने मिळत राहिली, आणि तो माणूस मरायचा सोडून भाट्याच्या लांबलचक पुलावरून चालत जाऊ लागला. पाटणकरांनी मग तीच गोळी, अगदी कमी प्रमाणात, आपल्या रोग्यांना सुरू केली. बाकीची औषधं होतीच. "पाणी तर कुठलीही गोळी उतरवते," ते मला म्हणाले. "पण ही दोऱ्यांना हात लावते, अशी मला शंका आहे."

"कळणार कसं?"

"दोन गोष्टींनी. एक, रोजचं वजन. पाणी किती साचलं ते वजनच सांगतं. आणि दुसरी," त्यांनी बरण्यांकडे बोट केलं, "ही गोळी वर्षानुवर्षं खाल्लेलं एक हृदय मला या तिघांच्या शेजारी ठेवून बघायला हवं. एकच. पण हवं."

त्यांचं सगळं आयुष्य पुढे या 'एकच पण हवं'भोवती फिरलं.

वजनाची अडचण वेगळी होती. रुग्णालयाच्या काट्याची सुई माणूस चढण्याआधीच थरथरायची. अचूक काटा साऱ्या रत्नागिरीत एकच, असं पाटणकरांनी शोधून काढलं, आणि तो मिरकरवाड्याच्या बंदरावर, मच्छीमारांच्या सोसायटीत. जमिनीवर लोखंडी फळी, वर दांडी, दांडीवर सरकवायचं वजन. तिथले काटेवाले इब्राहिमचाचा. पाटणकरांनी त्यांना काय सांगितलं देव जाणे, पण दुसऱ्या आठवड्यापासून लिलाव आटोपला की सुरमईच्या टोपल्यांच्या मागे दहा-बारा सुजलेली माणसं रांगेत उभी राहू लागली. चाचा त्याच सुरात पुकारायचे, "सुरमय, बेचाळीस! तांबोशी, तेवीस! गोविंदतात्या, अठ्ठावन्न!" एखादा व्यापारी मागून ओरडायचा, "तात्या केवढ्याला?" आणि तात्या धापा टाकत शिवी द्यायचे. पाटणकर म्हणत, शिवी पुरी एका श्वासात आली तर प्रकृती सुधारतेय.

या रांगेत उभं राहायला बरेच दिवस नकार देणारी एकच बाई होती. भागीबाय.

भागीबाय मच्छीमार खारव्यांपैकी. साठीची, उंच, आवाज असा की समुद्रानं जरा वेळ गप्प बसावं. मासळी बाजारात तिची जागा ठरलेली. तिचा धंदा वाट्यांचा: फळीवर मासळीचे सारखे ढीग लावायचे, एकेक ढीग म्हणजे एक वाटा, घ्यायचा तर घ्या. तोलणं तिला मंजूर नव्हतं.

"मी आख्ख्या जन्मात काय तोलून इकलं नाय," ती पाटणकरांना म्हणाली, "आनि आता मीच काट्यावर चढू? मी काय सुरमय हाय?"

"नाहीस. सुरमई भांडत नाही."

ती हसली, आणि हसताना तिला धाप लागली, आणि धाप लागली म्हणून चढली. तिला आकडे वाचता येत नव्हते. पाटणकरांनी तिला जाळ्याचा दोरा दिला. वजन किलोनं वाढलं की एक गाठ, उतरलं की एक गाठ सोडायची. दोन गाठी झाल्या की पाण्याची अर्धी गोळी जास्त घ्यायची, डॉक्टरला विचारत बसायचं नाही. महिन्याचा दोरा संपला की तो वहीत चिकटवून नवा. अशा दोऱ्यांच्या वह्या मी बांधल्या आहेत. ती जगातली पहिली वैद्यकीय वही असेल जिला सुक्या मासळीचा वास येत होता.

आणि तो वासच मुळावर आला. तीन महिने सगळं छान, मग पावसाळ्यात भागीबायच्या दोऱ्याला गाठीच गाठी. पाटणकरांची झोप उडाली. गोळी फसली, शंका फसली, सगळं फसलं असं बडबडत ते मला घेऊन तिच्या दारात गेले.

"अगो भागीबाय, मीठ बंद सांगितलं होतं ना मी?"

"बंदच हाय. देवाशपत."

"मग पाणी कुठून येतं?"

"पाऊस हाय, पाणी येनारच की."

"आज जेवलीस काय?"

"भात. आनि खारा बांगडा भाजून."

पाटणकर ओट्यावर मटकन बसले. "बाई, तो बांगडा मिठात घालून सुकवलेला असतो!"

"मंग?"

"मंग काय? ते मीठच ना?"

"त्ये मीठ बांगड्यान् खाल्लान," भागीबाय शांतपणे म्हणाली. "मी बांगडा खाल्ला. मीठ मी कुठं खाल्लंय?"

पुढच्या चार दिवसांत कळलं की रांगेतल्या साऱ्यांनी मीठ इमानदारीनं सोडलं होतं, आणि सारे जण पावसाळाभर सुकट, सोडे, खारे बोंबील यांवर जगत होते. मिठाचा डबा त्यांनी खरोखर उचलून माळ्यावर ठेवला होता. पाटणकरांनी त्या दिवशी वहीत लिहिलं, 'चूक माझी. मी मीठ म्हणालो, मासळी म्हणालो नाही.' मग भागीबायनं खारा बांगडा सोडला. खारव्याच्या बाईनं पावसाळ्यात खारा बांगडा सोडणं म्हणजे काय, ते घाटावरच्या वाचकांना मी समजावू शकत नाही. गाठी सुटल्या. सहा वर्षं ती बाई गोळीवर आणि काट्यावर टिकली, आणि पाटणकरांना कळून चुकलं की हवं असलेलं ते एक हृदय बाजारात फळीमागे बसलेलं आहे.

त्यांनी तिला सरळ विचारलं. भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर.

"भागीबाय, तू मेल्यावर तुझं काळीज मला बघायला देशील?"

गिऱ्हाइकं पांगली. मी जमिनीत जागा शोधू लागलो. भागीबायनं मात्र, कोणी पापलेटाचा भाव पाडून मागावा तसं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आनि तुमी आदी मेलाव तर?"

"मग माझं तू बघ."

"बगून मला काय कळनार?"

"सुर्वेशास्त्री दाखवतील. गरे किती, दोरे किती. मलाही आता तीच गोळी सुरू आहे."

हे आम्हाला दोघांनाही नवीन होतं. भागीबाय म्हणाली, "बरं. ज्यो आदी जाईल त्येच्या काळजात मागच्याचा वाटा. ठरला." आणि माशांचं पाणी पदराला पुसून तिनं मी लिहिलेल्या कागदावर अंगठा उठवला. साक्षीदार म्हणून सही माझी.

त्याच सुमारास मुंबईला डॉक्टरांची एक मोठी सभा होती. पाटणकरांना दहा मिनिटं बोलायला मिळाली. वह्या आणि नळ्यांत गुंडाळलेले तक्ते उचलायला मी बरोबर. मोठे डॉक्टरही श्रोत्यांत होते. पाटणकर चांगलं बोलले. आकडे कमी, कबुल्या जास्त. इथं चुकलो, हे माहीत नाही, ही फक्त शंका. आणि शेवटी पुरावा म्हणून त्यांनी भागीबायचा दोरा उंच धरला.

पुढच्या रांगेतले एक नामवंत उठले. "डॉक्टर, हे वजन आपण मासळीच्या काट्यावर केलंत?"

"हो."

"मग पेशंटला काट्यावरून उतरवताना खवलं काढता की तशीच ठेवता?"

सभागृह कोसळलं. पाटणकर थांबले, हसू ओसरू दिलं आणि अगदी प्रामाणिकपणे उत्तर दिलं. त्यांना तो प्रश्नच वाटला होता. "बंदरावरचा काटा अर्ध्या किलोनं जरी चुकला तरी काटेवाल्याला बायका मारतात. तुमच्या रुग्णालयातला काटा चुकला तर कोण मारतं?"

सभागृह पुन्हा कोसळलं, पण हसणं उत्तराला नव्हतं, माणसाला होतं. त्या सभेचे अध्यक्ष म्हणाले, "चहाआधी छान करमणूक झाली," आणि घंटा वाजली. इथं मला एक सांगायला हवं, आणि ते मी आजवर घरातही सांगितलेलं नाही. खवल्यांच्या त्या विनोदाला मीही हसलो होतो. तक्ते हातात धरून, पाटणकरांच्या अगदी मागे उभा राहून. विनोद चांगला होता. माझा स्वभाव असा, की चांगल्या विनोदाला मी हसतो. तो कोणाच्या छातीवर पाय देऊन उभा आहे ते मला नंतर दिसतं. पाटणकरांनी वळून पाहिलं.  परतीच्या एस्टीत त्यांनी एकदाच विचारलं, "सुर्वेशास्त्री, दोरा घेतलात ना? टेबलावर राहिला नाही ना?"

पुढच्याच आठवड्यात तो हुकूम निघाला. 'यकृताच्या विकारासाठी असलेली सदर गोळी हृदयविकाराच्या रुग्णांना या रुग्णालयातून देण्यात येऊ नये. तसेच रुग्णांना रुग्णालयाबाहेरील कोणत्याही काट्यावर पाठविण्यात येऊ नये.' मोठे डॉक्टर मजकूर सांगत होते, आमच्या विश्वस्तांचे अध्यक्ष शेजारी बसले होते, पायावर पाय टाकून. मी टाइप करत होतो. 'सदर' ऐवजी 'सादर' पडलं असतं तर कागद पुन्हा घालावा लागला असता आणि अर्धा तास गेला असता. तेवढंही मी केलं नाही. पाटणकरांनी प्रत हातात घेतली, वाचली आणि म्हणाले, "शुद्धलेखन निर्दोष."

रोगी पांगले. गोविंदतात्या त्या थंडीत गेले. त्यांच्या मुलानं हृदय बघू दिलं नाही, आणि का द्यावं? बाकीचे वैद्याकडे, देवाकडे, मुंबईला मुलांकडे. भागीबाय मात्र राहिली. रत्नागिरीत ती गोळी एकाच दुकानात मागवून मिळायची, थोडीच, आणि पावसात घाटात दरड पडली की तीही नाही. पाटणकर आपल्या नावावर घेत आणि बाजारात जाऊन तिच्या फळीवर ठेवत. ती बदल्यात एक वाटा त्यांच्या पिशवीत टाकायची. ताजा, बिनमिठाचा.

एकदा तिनं त्यांचा चेहरा पाहिला आणि फळी सोडून उठली. त्यांचा दंड धरून तिनं त्यांना बंदरावर नेलं. मी मागोमाग. "चाचा, ह्यांना चढवा!" चाचांनी दांडीवरचं वजन सरकवलं, पुन्हा सरकवलं, आणि या खेपेस पुकारलं नाही. हळूच सांगितलं. महिन्याभरात सात किलो.

"मीठ खाताव!" भागीबाय गरजली.

"नाही खात."

"खोटं बोलताव! काय खाताव?"

पाटणकर शाळकरी पोरासारखे जमिनीकडे बघत होते. "भात. आणि... खारातला आंबा."

"त्ये मीठच ना?"

"ते मीठ," पाटणकर म्हणाले, "आंब्यानं खाल्लं."

सारं बंदर हसलं. भागीबाय हसली नाही. तिनं त्यांच्या पँटचा पाय वर करून नडगीवर अंगठा दाबला. मोजलं. उचलला. खळगा इतका खोल होता की त्यात पावसाचा थेंब थांबला असता. "आनि गोळी?" तिनं विचारलं.

ती गोळी ते घेतच नव्हते. आलेली सगळी तिला देत होते. मी त्या संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेलो तो भांडायच्या तयारीनं. डोळ्यांत पाणीबिणी होतं माझ्या. म्हटलं, केवढा हा त्याग!

"कसला त्याग?" ते उखडले. "तिची नोंद सहा वर्षांच्या वरची आहे. माझी आठ महिन्यांची. दोघांपैकी एकाचीच मोडायची तर कोणाची मोडाल? जरा डोकं वापरा. नोंद मोडायची नाही." मग जरा थांबून, "आणि माझंही वाया जात नाहीच. आठ महिने घेतली, मग सोडली. त्याचं काय झालं तेही कोणीतरी बघायला हवं." त्यांनी फळीकडे पाहिलं. तिसऱ्या बरणीशेजारी चौथी होती. रिकामी, घासून पुसून ठेवलेली.

मग त्यांनी मला अर्ज सांगितला. मृत्यूनंतर आपलं हृदय काढून तपासावं, वह्या सोबत जोडाव्यात, आणि ठरल्याप्रमाणे भागीबाय हिला ते समक्ष दाखवावं. मी तो टाइप केला. आवक वहीत नोंदवला. मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी कोपऱ्यात लिहिलं, 'विश्वस्तांच्या पुढील सभेपुढे ठेवावे.' पुढील सभा महिनाअखेरीस होती.

पाटणकर सभेच्या नऊ दिवस आधी गेले. सकाळी, खुर्चीत. आदल्या दिवशी मी गेलो तेव्हा त्यांनी पाय पुढे केला होता. "दाबा, सुर्वेशास्त्री." मी दाबला. "मोजा, किती वेळ राहतो." मी मोजत राहिलो. तिशीनंतर आकडे विसरलो आणि त्यांना खोटंच सांगितलं, "भरला." ते माझ्याकडे बघून हसले. माझ्या एवढ्या विनोदांपैकी त्यांना आवडलेला तो एकच.

मी अर्जाची प्रत घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे धावलो. ते म्हणाले, "सभेशिवाय मला अधिकार नाही." अध्यक्ष म्हणाले, "त्या बाईच्या अंगठ्याच्या कागदाला कायद्यात काय किंमत?" पुण्याहून पाटणकरांचे भाऊ आले होते, ते म्हणाले, "आमच्या घराण्यात असले प्रकार नाहीत." तिघंही सभ्यपणे बोलले. त्यानंतरच्या सभेत दुखवट्याचा ठराव झाला. त्यात 'संशोधक वृत्तीचे' असे शब्द होते. मीच टाइप केले. वह्या रद्दीत गेल्या. बरण्यांतली तीन हृदयं घरमालकानं परसातल्या आंब्याखाली पुरली. त्या झाडाचे आंबे कसे लागतात ते मी कधी विचारलं नाही. भागीबाय पुढेही बरीच वर्षं वाटे लावत बसली. ती गेली तेव्हा तिचं काळीज बघायला कोणीच नव्हतं. दोऱ्याची एक गुंडाळी तेवढी माझ्या खणात राहिली, आणि मंगळवारपासून तिच्याशेजारी ती गोळी आहे. कुठल्याशा परदेशातल्या मोठमोठ्या अभ्यासांना हात जोडून मी ती रोज सकाळी घेतो.

पण सांगायचं आहे ते पाटणकर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीचं, त्यांच्या अंगणातलं. दहाचं कडक ऊन होतं. तिरडी बांधून झाली होती. एका बाजूला भाऊ, मोठे डॉक्टर आणि पांढरी टोपी घातलेले अध्यक्ष. दुसऱ्या बाजूला अंगणाच्या दगडी गडग्याला टेकून इब्राहिमचाचा आणि रांगेतली उरलेली तीन-चार सुजलेली माणसं. मी मधे. एवढ्यात भागीबाय आली. बाजारातून तशीच, डोक्यावर टोपली, टोपलीतून पाणी गळतंय. बायका अशा वेळी पुढे येत नाहीत, ती आली. टोपली खाली ठेवली, तिरडीशी वाकली, पांढरं कापड बाजूला करून डॉक्टरांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि ओठांत मोजू लागली. कोणी तिला हटकलं नाही. तिनं अंगठा उचलला. खळगा राहिला.

मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कागद माझ्या खिशात होता, साक्षीदाराची सही माझी होती. मी खाली, तिच्या टोपलीतल्या मासळीकडे बघत राहिलो.

"चला, उशीर होतोय," भाऊ म्हणाले. चौघं वाकले, तिरडी खांद्याला लागली, आणि भागीबाय बाजारातल्या त्या आवाजात ओरडली, "अवो, उचलताव काय! डाक्टरांच्या काळजातला माजा वाटा आदी हितं काढून ठेवा!"